अक्काच्या दुकानातली कॉपी टू

आमच्या घरात आजवर कुणी काही बंद केलेलं नाही. सगळं वाढवलेलं आहे. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. बाजारातली दुकानं संध्याकाळी बंद होत नाहीत, वाढवली जातात. मायपुढं कुणी "दुकान बंद झालं का?" असं विचारलं की ती म्हणायची, "बंद व्हाया काय धाड भरली त्याला? वाढवलं म्हणावं."

पुढं मी मास्तर झालो, मराठी शिकवू लागलो आणि हेच वर्गात सांगू लागलो. अशुभ बोलायचं नाही म्हणून उलटा शब्द वापरायची ही रीत आहे वगैरे. परीक्षेत एकानं लिहिलं, 'नारळ वाढवणे म्हणजे एका नारळाचे दोन करणे.' मी त्याला अर्धा मार्क दिला. आता वाटतं, पूर्ण द्यायला हवा होता.

अक्का माझी थोरली बहीण. राजूरला दिली होती. ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट, तिचा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला. मूलबाळ नव्हतं. बायकांनी तिला मागच्या दारी नेलं आणि थोड्या वेळानं एक म्हातारी बाहेर येऊन मायला म्हणाली, "बांगड्या वाढवल्या, बाई." अक्कानं ते ऐकलं. तिला अंबडला परत आणताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. जालना मागं पडलं. मंग मला म्हणाली, "माझं काय वाढलं रे?"

मी तेव्हा कॉलेजात. जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तोंडावर असण्याचं वय. पुढच्या थांब्यावर मी खाली उतरलो आणि तिला शेंगदाणे घेऊन दिले.

तेव्हापासून अक्कानं तो शब्द टाकला. नारळ फोड म्हणायची, दिवा विझव म्हणायची, दुकान बंद झालं म्हणायची. माय कानावर हात ठेवायची, "तोंडाला काही चव?" अक्का म्हणायची, "चव न्हाई, पण खोटं बी न्हाई." वाढणं म्हणजे तिच्या लेखी जास्त होणं, बस. पोरं वाढतात, भाव वाढतात, ताटात भात वाढतात. दुसरा अर्थ तिनं घराबाहेर काढला तो काढलाच.

ती आमच्या मधल्या खोलीत राहू लागली. मधल्या खोलीला दारं दोन आणि कड्या एकही नाही. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर तिथूनच जावं लागतं. पाहुणे जायचे, पोरं जायची, पाण्याला जाणारा मी जायचो. अक्का तिथं आपल्या ट्रंकेशेजारी झोपायची, आणि कुणी आलं की झोपेतसुद्धा पाय जवळ घ्यायची. माझं लग्न झालं, पोरं झाली, ती मोठी झाली. अक्काचे पाय जवळ घेणं चालूच.

मंग तिनं मराठी टायपिंग शिकायचं काढलं. क्लासात सगळ्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या. परीक्षा पास झाली आणि कोर्टासमोरच्या ओट्यावर एकाच्या मशीनवर अर्ज टाइप करायला बसू लागली. तिथं एका वकीलसाहेबांनी तिचं काम पाहिलं. त्यांच्या ऑफिसाला रस्त्याच्या बाजूनं एक खोली होती. ते म्हणाले, "बाई, इथं बसा. माझं टायपिंग आधी, बाकी दिवसभर तुमचं तुम्ही करा." अक्कानं अंगावरचं उरलंसुरलं सोनं मोडून कॉम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, तेव्हा आमच्या रस्त्याला असे दोन-तीनच कॉम्प्युटर. चार महिन्यांत तिनं मागच्या गल्लीत भाड्यानं खोलीसुद्धा घेतली. पहिल्या रात्रीनंतर ती आमच्या हिला सांगत होती, "आतून कडी लावली आन् झोपले. कुणी आलंच न्हाई." एखादी बाई काशीला जाऊन आल्यावर जशी सांगेल तसं सांगत होती.

वकीलसाहेब खुश होते. दिवाळीला ते मला म्हणाले, "मास्तर, बहीण हुशार हाय तुमची. असंच काम राह्यलं तर दुसरा टेबल टाकू तिथं." अक्कानं ते दुसऱ्या टेबलाचं मनात इतकं पक्कं धरलं की भिंतीशी त्याच्यापुरती जागासुद्धा झाडून ठेवली.

आता प्रिंटरचं.

अक्का विजेला फार भ्यायची. शेजारच्यांचा टीव्ही एकदा वीज पडून गेला होता, तेव्हापासून. संध्याकाळी दुकान बंद करताना ती सगळ्या पिना उपटायची. भिंतीतल्या तर उपटायचीच, पण प्रिंटरची वायरसुद्धा कॉम्प्युटरच्या पाठीतून काढून, गुंडाळून, वर भरतकामाचा रुमाल टाकायची. सकाळी आली की पाठीतल्या चार भोकांपैकी जे हाताला लागेल त्यात ती वायर खुपसायची. भोकं सारखीच दिसतात, वायर सगळ्यांत बसते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पण कॉम्प्युटर हा स्वभावानं जुन्या तलाठ्यासारखा. वायर नव्या भोकात आली की त्याला वाटायचं, हा कुणी दुसराच प्रिंटर आला. तो त्याची नवी नोंद करायचा. नाव तेच, पुढं फक्त कॉपी वन. आणखी एका भोकात गेली की कॉपी टू. मंग कॉपी थ्री. टेबलावर मशीन एक, आत नोंदी चार. काल ज्या नोंदीवर छापलं ती आज आंधळी, कारण तिच्या भोकात आज वायरच नाही.

हे कळायला आम्हाला सहा-आठ महिने लागले. कारण अक्कानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला होता, आणि कोर्टासमोर बसणाऱ्या माणसाला दुसरा अर्थ सुचणंच शक्य नव्हतं. तिथं सगळं कॉप्यांवर चालतं. एक कोर्टाला, एक समोरच्या पार्टीला, एक आपल्याला. तिनं ती नावं पाहिली आणि समजली, वा, कंपनीनं सोय केली! दोन प्रती पाहिजेत तर कॉपी टू दाबायचं. तीन पाहिजेत तर कॉपी थ्री.

मी कौतुकानं म्हटलं होतं, "बघा, किती विचार करतात हे लोक." मी शिक्षकांचा कॉम्प्युटर कोर्स केलेला होता. सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं, ती फ्रेम अक्कानंच मला करून दिली होती.

कॉपी टू दाबलं की बहुतेक वेळा कागद यायचा नाही. अक्का म्हणायची, "आज दोनचं मन न्हाई त्याचं." मंग साधं नाव दाबायची, ते नाही तर कॉपी वन, कुठूनतरी यायचा आणि गिऱ्हाईक जायचं. पण न आलेला कागद कुठं जातो हे आम्ही कुणी विचारलं नाही. तो कुठं जात नाही. तो त्या आंधळ्या नोंदीत बसून राहतो, तिच्या भोकात परत वायर येईपर्यंत. रात्री मशीन बंद केलं तरी बसून राहतो. इतका धीर माणसात नाही.

कॉपी टू आणि कॉपी थ्रीची भोकं अगदी कडेला, हाताला क्वचितच लागायची. एका सकाळी वायर कॉपी टूच्या भोकात गेली.

समोर गिऱ्हाईक म्हणून एक शेतकरी बसला होता, त्याला विजेच्या मीटरचा साधा अर्ज पाहिजे होता. प्रिंटर गुरगुरला आणि अक्कानं अजून काही टाइप करायच्या आत कागद टाकू लागला. शेतकऱ्याला वाटलं आपलाच. त्यानं उचलला. ती वकीलसाहेबांची नोटीस होती, पंधरा दिवसांपूर्वीची, कॉपी टूमध्ये अडकलेली. वाटणीचा दावा. दावा लावणारा ह्याचाच धाकटा भाऊ आणि समोरची पार्टी हा स्वतः. नोटीस अजून बजावलेली नव्हती. वकीलसाहेबांना आधी विहिरीवर मनाई हुकूम घ्यायचा होता, मंगच त्याला कळू द्यायचं होतं.

त्या माणसानं कागद वाचला, घडी करून खिशात टाकला, "बराबर हाय," म्हणाला आणि गेला. दुपारपर्यंत त्यानं विहिरीवरची मोटार काढून नेली होती.

वकीलसाहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दारात येऊन प्रिंटरकडं बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, कोर्टापुढं कागद फुटला की सगळंच फुटतं." त्या दिवसापासून त्यांचं काम बाहेरच्या ओट्यावर जाऊ लागलं. कारकून अक्काच्या दारावरून कागद घेऊन जायचा, आणि जाताना उगाच दुसरीकडं बघायचा.

रविवारी मी सकाळीच गेलो. शेजारी झेरॉक्सवाले चाचा होते, मूळचे हसनाबादचे, घरी उर्दू बोलणारे. अक्काला ते आपा म्हणायचे. तेही स्टूल घेऊन आले. मी प्रिंटरांची यादी उघडली. चाचा चष्मा वर करून म्हणाले, "आपा, मशीन एक और नाम इत्ते! इत्ते नाम तो हमारे खालू के राशन कार्ड पे बी नै थे."

"हसू नका चाचा," अक्का म्हणाली, "तुमच्या झेरॉक्सला तरी कुठं अक्कल हाय? तोंड घातलं तर तोंडाचं बी झेरॉक्स काढतंय."

मी आत्मविश्वासानं एक नोंद धरली आणि डिलीट केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की. नावापुढं 'डिलीटिंग' असं आलं आणि आलं ते आलंच. आम्ही चहा मागवला. चहा पिऊन झाला. डिलीटिंग चालूच. चाचा म्हणाले, "मास्तर, ये जा रहा है के बैठा है?"

"जातंय, जातंय. टाइम लागतो," मी म्हटलं. कोर्समध्ये हे वाक्य आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

शेवटी अक्कालाच शंका आली. "त्याच्या पोटात कागद असंल. पोटात असल्यावर कसं जाईल?" ती नोंद उघडली तर खरंच, आत कागदांची रांग. आधी ते एकेक रद्द करावे लागणार होते. मंग आम्ही तेच करत बसलो. अक्का एकेका कागदाचं नाव वाचायची आणि मी रद्द करायचो. हा जातीच्या दाखल्याचा. हा रस्त्याच्या तक्रारीचा. एका नावापाशी ती थांबली. "हा पेन्शनवाला म्हातारा. तीन प्रती पाहिजेत म्हणला, तवा कॉपी थ्री दाबलं. कागद आलाच न्हाई, लाइट बी गेली. उद्या येतो म्हणला." मंग म्हणाली, "गेला तो. पोळ्याच्या आधी."

माऊस माझ्या हातात होता. अक्का म्हणाली, "कर. आता कुणाला द्यायचा हाय?"

रांगा मोकळ्या झाल्या. मशीन बंद करून परत चालू केलं, तेव्हा कुठं त्या नोंदी एकामागून एक गेल्या. खाली एकच प्रिंटर उरला, कॉपीबिपी काही नाही, नुसतं नाव. आम्ही चाचणीचा कागद काढला. तो पहिल्याच दमात आला. अक्कानं तो दोन्ही हातांनी घेतला, गरम होता अजून, आणि गालाला लावला. मला हसू आलं आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"पण परत दुसऱ्या भोकात गेली वायर तर?" चाचांनी विचारलं.

"खूण करू," मी म्हटलं. पण पेनची खूण काळ्या पत्र्यावर दिसेना. अक्कानं ड्रॉवर उघडला. आमच्या हिनं कधीतरी विसरलेलं टिकल्यांचं पाकीट त्यात होतं. त्यातली एक लाल टिकली काढून तिनं मशीनच्या पाठीवर, एका भोकाच्या डोक्यावर बरोबर मधोमध चिकटवली. "हां," ती म्हणाली, "ह्या मशीनबाईला तरी असू दे."

दोन दिवसांनी संध्याकाळी अक्का आमच्याकडं आली ती पेढे घेऊन. मायच्या हातावर ठेवला, हिच्या हातावर ठेवला, माझ्या तोंडातच घातला. चेहऱ्यावर वीस वर्षांत न पाहिलेलं काहीतरी.

"वकीलसाहेबांकडं गेल्ते. सगळं सांगितलं, मशीन आता बिलकुल साफ केलं, पुन्यांदा आसं व्हनार न्हाई म्हणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आन् काय म्हणले माहिती का? म्हणले, बाई, आता दुकान वाढवा."

मायचा पेढ्याचा हात तोंडापाशी थांबला. हिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात पेढा होता, तो मी एका गालात सारला.

"नेमकं काय म्हणले?" मी विचारलं.

"हेच. आता दुकान वाढवा."

"हसून म्हणले?"

"हात जोडून म्हणले!" अक्का म्हणाली. "एवढा मोठा माणूस, मला हात जोडले रे त्यांनी. दिवाळीला म्हणले न्हवते का, दुसरा टेबल टाकू म्हणून? मी जागा मोजून बी आले. भिंतीला लावला तर बराबर बसतो."

हिनं तोंड उघडलं, "वन्सं, पण..." आणि मायनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. अक्का टेबलाबद्दल बोलत राहिली. सागवानी नको, प्लायवूडचा बरा, वाळवी लागत नाही. आम्ही तिघंही मान हलवत होतो. ती गेल्यावर मायनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. मंग म्हणाली, "तिनं तो अर्थच हाकलला रे घरातून. हाकललेला अर्थ का येताना दार वाजवतो?"

मी दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांकडं गेलो. मनात आशा अशी, की मराठीचा मास्तर मीच चुकलो असेन. माणूस साधा 'वाढवा' म्हणाला असेल, पोटात काही नसेल. ते माझ्याकडं बघूनच समजले.

"मास्तर, बाईमाणसाला तोंडावर बंद करा कसं म्हणायचं? चांगल्या शब्दात सांगितलं. त्यांचा काही राग न्हाई. पण पार्ट्या आता त्या दारात बसायला भितात. आन् माझा पोरगा बी यंदा सनद घेऊन येतो, त्याला टेबल लागंल."

"कुठं टाकणार?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"तिथंच की. भिंतीला बराबर बसतो."

बाहेर आलो. ऑफिसाच्या दारापासून अक्काच्या दारापर्यंत फार तर दहा-बारा पावलं. मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो, पान खात नाही तरी पानाच्या टपरीवर उभा राहिलो, आणि परत आलो. ती मशीनपाशीच होती. स्वतः यादी उघडून बघत होती, नवी नोंद तर झाली नाही ना. "एकच हाय," मला बघून म्हणाली. "टिकलीवालं भोक सोडून कुठंच घालत न्हाई मी आता."

मी स्टुलावर बसलो. वाक्य कसं सुरू करायचं याचा विचार करत होतो. तीस-तीस पोरांना वाक्याचे प्रकार शिकवणारा माणूस. तिनंच माझ्याकडं नीट बघितलं. मंग रुमालानं पडद्यावरची नसलेली धूळ पुसली.

"बंद कर म्हणले का?"

"हो."

"मंग तसं म्हणायचं ना," अक्का म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मला पेढे कामून वाटायला लावले?"

चाचा आपल्या दारात उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, मधली भिंत पातळ होती. ते म्हणाले, "आपा, हमारे घर में बी खाना हुआ के दस्तरखान उठाते नै, बढ़ाते. क्या करना, लफ्ज ही ऐसा है." आणि आत जाऊन त्यांनी उगाच मशीन चालू केलं. झेरॉक्सचा हिरवा उजेड रिकामाच इकडून तिकडं फिरत राहिला.

महिनाअखेरीस सामान हातगाडीवरून आमच्याकडं आलं. दुकान नसताना भाड्याची खोली ठेवणं जमणार नव्हतं, तीही सुटली. मी म्हटलं, घरी बस, लग्नाच्या पत्रिका घे, निमंत्रणं घे. ती "हो" म्हणाली. आमच्या गल्लीत पत्रिका छापायला कोण येणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मधल्या खोलीत ट्रंकेवर कॉम्प्युटर मांडला. शेजारी खुर्चीवर प्रिंटर. स्वयंपाकघरात जायला आता अंग चोरूनच जावं लागायचं. अक्का वायर घेऊन मशीनच्या पाठीमागं वाकली आणि वाकलेलीच राहिली. टिकली नव्हती. हातगाडीवर दोरीनं घासली असेल, रस्त्यात कुठं गळली असेल. मी बॅटरी आणून बघितलं. चारही भोकं सारखी. तिनं एकात वायर घातली.

पडद्याच्या कोपऱ्यात फुगा आला, नवीन उपकरण सापडलं म्हणून. यादी उघडली. एक साधं नाव आणि त्याच्या खाली, कॉपी वन.

आता मला काढता येत होतं. मी माऊसला हात घातला.

"राहू दे," अक्का म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे रे." ती ट्रंकेशेजारी खाली बसली आणि माय स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, म्हणून तिनं पाय जवळ घेतले. "आन् कुणी इचारलं, काय झालं दुकानाचं, तर उगं कोर्टाचं, वकिलाचं सांगत बसू नको. सांग, अक्कानं दुकान वाढवलं."

माय दारातच थांबली. वीस वर्षं तिला हेच ऐकायचं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.